सुळ्याचं टोक

माझ्या तोंडातले पुढचे चार दात माझ्या सुनेने केलेले आहेत. त्यामुळे तिच्याविरुद्ध बोलायची माझी काही सोयच राहिलेली नाही. शेजारणी आपापल्या सुनांच्या कागाळ्या घेऊन बसल्या की मीही तोंड उघडते, आणि लगेच कोणीतरी म्हणतं, काय छान दात आहेत हो तुमचे. झालं, तिथेच संपलं माझं गाऱ्हाणं.

थट्टा सोडा. दात करणं हा तिचा धंदाच आहे. लोकांना वाटतं दातांचा डॉक्टर दात करतो. कसलं काय. डॉक्टर माप घेतो आणि बसवतो. मधली सगळी मेहनत लॅबमध्ये होते. लॅब म्हटलं की काचेच्या नळ्या वगैरे डोळ्यांपुढे येतात, तसलं तिथे काही नाही. एक लांबलचक टेबल, डोक्यावर ट्यूबलाइट, प्रत्येकापुढे एक छोटी ज्योत, आणि सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. दाराच्या मुठीवर, कपांच्या कानांवर, हिच्या भुवयांवर. डॉक्टरकडून माणसाच्या जबड्याचा साचा येतो. जो दात नाही त्याच्या जागी ही मेणाचा दात कोरते, आणि मग त्या मेणावरून पुढची माणसं पक्का दात घडवतात. आता संगणकावरही करतात म्हणे. पण पुढचे, हसताना दिसणारे दात हिच्याचकडे यायचे.

ती शिकली कशी तेही ऐका. लॅबमध्ये आधी साचे धुवायला लागली होती. एक दिवस कोरणारा माणूस आला नाही, म्हणून जुन्या मालकांनी हिला बसवलं. हातात एक छोटा आरसा दिला आणि म्हणाले, "पोरी, तुझे दात अगदी पुस्तकात काढावेत तसे आहेत. बघ आणि तसेच काढ." तेव्हापासून आरसा तिच्या टेबलावर. ओठ वर करायचा, सुळा बघायचा, मेणाला एक चीर द्यायची, पुन्हा ओठ वर. पहिल्यांदा मुलाने तिला आमच्याकडे आणली, तेव्हा ती माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांत बघतच नव्हती, सारखी तोंडाकडे बघत होती. मी मनात म्हटलं, उद्धट दिसते. नंतर कळलं, ती माझे पडलेले दात मोजत होती.

मी स्वतः जन्मभर तिकीट खिडकीत बसले. काचेच्या आत मी, बाहेर दुनिया, आणि दिवसभर हुज्जत. त्यामुळे माझा आवाज चढा आणि रागही तसाच, भडकतो आणि विझतो. सून माझ्याच वळणाची निघाली. टॉवेल कुठे वाळत घालायचे यावरून आम्ही दोघी एक अख्खा उन्हाळा भांडलो. शेजार खिडकीत येऊन बसायचा. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर बंद खोक्यात असतो बिचारा. तो म्हणायचा, तुम्ही दोघी सुरू झालात की मला पुन्हा कामावर जावंसं वाटतं. पण भांडण झालं की ती चहा टाकायची, आणि माझ्या कपात मला लागते तेवढी साखर न विचारता घालायची. आमचं छान चाललं होतं.

मग जुने मालक थकले. त्यांनी लॅब विकली. नवे मालक कुठे दूर राहतात, त्यांनी कारभार बघायला एक साहेब नेमले.

साहेब दिसायला वाईट नव्हते. नीटनेटके, इस्त्रीचे कपडे, आवाज खालचा. ओरडणारा माणूस परवडला बाई, निदान वार कुठून येतोय ते कळतं. हे हळू बोलायचे. आल्या आल्या त्यांनी दोन पद्धती घातल्या. एक सकाळची. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी टेबलाभोवती उभं राहायचं. ज्याचं काम डॉक्टरकडून परत आलं असेल त्याने ते तळहातावर घेऊन पुढे यायचं आणि आपण काय चुकलो ते आपल्या तोंडाने सगळ्यांना सांगायचं. साहेब विचारायचे, "का चुकलं?" उत्तर दिलं की पुन्हा, "हो, पण का?" त्याचं उत्तर दिलं की पुन्हा, "ते ठीक आहे, पण का?" असं करत करत माणूस 'मलाच अक्कल नाही' इथपर्यंत आला की म्हणायचे, "थँक यू. बसा."

दुसरी पद्धत अंगठ्याची. फिरता फिरता मागे येऊन उभं राहायचं. मेणाचा दात पसंत नसला की त्यावर अंगठा ठेवायचा आणि दाबायचा. कोमट मेण ते, चपटं होतं. अर्धी सकाळ गेलेली असते त्यात. बोलायचं काही नाही, पुढच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. लॅबमधली माणसं मागून त्यांना 'अंगठा' म्हणायची, पण मागूनच.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती सांगतच नव्हती. मला दिसलं ते घरातलं.

पहिलं म्हणजे 'सॉरी'. पाण्याचा ग्लास जरा जोरात ठेवला, सॉरी. माझ्या वाटेत आली, सॉरी. मी तिच्या वाटेत आले तरी सॉरी तीच म्हणायची. एकदा स्टुलाला पाय लागला तर स्टुलाला म्हणाली. माझी नात फिस्सकन हसली, तर ही आपल्या पोटच्या पोरीलाही सॉरी म्हणाली. रविवारची दुपार टळली की हिचं पोट बिघडायचं. मी औषधं दिली, जेवणात बदल केला. सोमवारची भीती पोटात बसते, हे मला कुठून कळणार?

आणि भांडण बंद झालं. हे मात्र माझ्या लगेच लक्षात आलं. घर इतकं शांत झालं की मला करमेना. शेवटी मी मुद्दाम चार ओले टॉवेल बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्यांवर पसरले आणि वाट बघत बसले. ती आली, तिने ते बघितले, एकेक गोळा केला आणि म्हणाली, "माझ्याच लक्षात यायला हवं होतं, आई. चुकलं माझं." ही माझी सून नव्हती.

मी मुलाला गाठला. तो म्हणाला, "कामाचा ताण असेल, होईल ठीक."

"लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्यांना असंच सांगतोस का?" मी विचारलं. "होईल ठीक?"

वाईट नाहीये तो, पण त्याला यंत्रातला बिघाड कळतो. माणसातला कळायला वेळ लागतो.

अशात तिचे सुळे परत यायला लागले. तिचे म्हणजे तिने केलेले. एक दिवस संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून ती लेकीसाठी सफरचंद चिरत होती आणि चिरता चिरता थांबली. म्हणाली, "आई, माझं काम आता सारखं परत येतंय."

"काय म्हणतात डॉक्टर?"

"सुळे बोथट आहेत म्हणतात. टोक नाही. तरुण मुलीच्या तोंडात म्हाताऱ्या माणसाचा सुळा कसा बसवू, म्हणतात. मी पहिल्यासारखंच करते हो. आरशात बघते, अगदी तसंच कोरते. तरी चुकतं." मग तिने मला सकाळची पद्धत सांगितली, अंगठ्याची सांगितली. रडली नाही. बाजारभाव सांगावेत तसं सांगत होती. "आठवडाभर रोज मीच पुढे उभी आहे. साहेब म्हणतात ते खरं असेल. मला कधी येतच नव्हतं. जुने मालक भले माणूस होते, चालवून घेत होते. इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडात काय काय बसवलंय कोण जाणे."

मी तिच्यापुढे दात विचकले. "मग हे काय आहे? यांनी मी मक्याचं कणीस खाते."

तिने माझ्या दातांकडे बघितलं आणि म्हणाली, "हेही चुकलेच असतील. तुम्ही मला सांगत नाही."

तेव्हा मला खरी भीती वाटली. नोकरीचं मला काही वाटत नव्हतं. एक गेली की दुसरी मिळते, दुसरी नाही तर तिसरी. पण आपल्याला येत होतं, हेच ती विसरायला निघाली होती. आपण आई आहोत, बायको आहोत, सासूशी भांडणारी आहोत, हेही ती उद्या विसरली असती. त्या माणसाने काहीही न फोडता, न ओरडता माझ्या घरातलं माणूस पुसत आणलं होतं. मी चपला घातल्या.

"चल," मी म्हटलं. "दाखव मला तो अंगठा."

तिने माझा हात धरला. "आई, तुम्ही आलात तर उद्या उभं राहून मला त्याचंही कारण सांगावं लागेल."

मी चपला काढल्या. काय करणार? "मग सोड ती नोकरी. आत्ता सोड."

"मला घेणार कोण? माझे सुळे बोथट आहेत."

म्हणजे फिरून फिरून तिथेच.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तिला तोंडच उघडेना. ब्रश आत जाईना. कानापासून हनुवटीपर्यंत ठणका, आणि ही तशीच कामावर जायला निघालेली. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, आधी दातांच्या डॉक्टरबाईंकडे, मग जग बुडो की राहो. डॉक्टरबाईंचं नाव काढताच ती मागे सरकली. "त्यांच्याकडे नको, आई. त्यांनीच माझे दोन सुळे परत पाठवलेत."

"मग तर बरंच," मी म्हटलं. "ओळखीच्याच निघाल्या."

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. समोर बसलीय तीच आपल्याला दात करून पाठवते, हे त्यांना माहीत नव्हतं. हिला ते सांगायचं नव्हतं, म्हणून अर्थातच मी सांगितलं. त्यांनी हिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. दिवा खाली ओढला, जबड्याच्या सांध्यावर बोटं ठेवली, गाल चेपून बघितले. हळूहळू तोंड जेवढं उघडलं तेवढ्यात आत डोकावल्या. मग म्हणाल्या, "मिटा. आता खालचा जबडा जरा उजवीकडे सरकवा. आणखी. थांबा, तसंच ठेवा. आजी, इकडे या, बघा."

मी वाकून बघितलं. वरचा सुळा आणि खालचा सुळा एकमेकांवर असे चपखल बसले होते की मधून केस जाणार नाही. दोघांची टोकं गेलेली. सपाट, चकचकीत.

"तुम्ही झोपेत दात खाता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि जोरात खाता. घरात कोणाला ऐकू आलं नाही?"

नंतर मुलाला विचारलं तर तो म्हणाला, करकर ऐकू यायची, मला वाटलं पंखा आहे. त्याने पंख्याला दोनदा तेल दिलं होतं. आता या माणसाला काय बोलायचं?

मला मात्र तिथेच राहवलं नाही. मी म्हटलं, "अगं, दातओठ खायचे तर त्या माणसावर खा, जागेपणी खा. स्वतःचेच काय झिजवतेस?"

डॉक्टरबाई हसल्या. ही हसली नाही. तिने हात पुढे करून आरसा मागितला. डॉक्टरबाईंचा आरसा मोठा होता आणि वरून तो दिवा. तिने ओठ वर केला आणि बघत राहिली. आरशात तर ती रोज बघत होती, पण एवढ्या उजेडात, आणि कोणीतरी बोट ठेवून दाखवल्यावर, पहिल्यांदाच. मग एकदम म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही परत केलेल्यातला एखादा सुळा इथे आहे का?"

"आहे की. परवाच आलाय. आज लॅबला परत पाठवणार होते." त्यांनी खणातून एक डबी काढली. आत प्लास्टरचा जबडा आणि त्यात हिने केलेला दात. हिने तो जबडा आपल्या गालाशी धरला आणि आरशात दोन्ही शेजारी शेजारी बघितले. बाहेरच्या बाजूला तोच उतार. आतल्या अंगाला तोच एक बारीक कोपरा राहिलेला.

"आई," ती म्हणाली, "हा माझाच आहे."

मला काही कळेना. "तुझाच ना. तूच केलास."

"तसं नाही हो. हा माझा सुळा आहे. जसा आहे तसा. मी माझ्या दातांवरून कोरते ना. ते झिजत गेले आणि मी तसेच काढत गेले. रोज थोडे थोडे झिजले, म्हणून मला कळलंच नाही." तिचा आवाज चढायला लागला. कितीतरी महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होते. "मी चुकले नाही. डोळा बरोबर आहे, हात बरोबर आहे. केसाचासुद्धा फरक नाही, बघा. मला येतं, आई. मला येतं."

आणि मग त्या खुर्चीत, तो कागदी रुमाल गळ्यात बांधलेला तसाच ठेवून, ती हमसून हमसून रडली. डॉक्टरबाईंनी बाहेरच्या माणसाला थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. मीही रडले. मला लाज वाटत नाही सांगायला.

निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "रात्री घालायला एक पट्टी करून देते, म्हणजे दात तरी वाचतील. पण जे तुम्हाला दात खायला लावतंय त्याला माझ्याकडे पट्टी नाही. वरच्या मजल्यावर एक समुपदेशक बसतात. मी स्वतः त्यांच्याकडे गेलेली आहे, म्हणून सांगते." मला वाटलं ही नाही म्हणेल. तिने मान डोलावली.

त्या रात्री जेवताना मुलगा बराच वेळ घास चिवडत होता. मग म्हणाला, "लिफ्टमध्ये लिहिलेलं असतं किती माणसं चढायची. त्यापेक्षा जास्त चढली की ती जागची हलत नाही. लोक बटणं दाबतात, दार आपटतात. पण लिफ्टला कोणी आळशी म्हणत नाही. दोघं-तिघं गुपचूप उतरतात." एवढंच बोलला आणि पाणी प्यायला. लग्नानंतर त्याने बायकोला म्हटलेलं सगळ्यात गोड वाक्य असेल ते.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. पुढचं तिने मला जसं सांगितलं तसंच सांगते. सगळे उभे राहिले. तिने डॉक्टरबाईंकडून आणलेला सुळा तळहातावर ठेवला आणि पुढे झाली.

साहेब म्हणाले, "काय चुकलं?"

"सुळ्याला टोक नाही."

"का?"

"मी माझ्या दातांवरून कोरते. माझ्याच सुळ्यांना टोक उरलेलं नाही."

"हो, पण का?"

"मी झोपेत दात खाते."

"ते ठीक आहे. पण का?"

सगळे खाली बघत होते. आता ही नेहमीचं बोलेल, साहेब थँक यू म्हणतील आणि बसायला मिळेल, याची वाट बघत होते. ती म्हणाली, "तुम्ही रोज सकाळी इथे उभं करून का, का विचारता म्हणून."

मग तिने बाकीचंही सांगून टाकलं, शांतपणे. यापुढे मी प्लास्टरच्या नमुन्यावरून कोरेन, म्हणजे सुळे बिघडणार नाहीत. काम परत आलं तर माझ्या खुर्चीपाशी येऊन सांगा, मी दुरुस्त करून देईन. पण मी उभी राहणार नाही, आणि माझ्या मेणाला अंगठा लावलेला मला चालणार नाही.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला बरं नाहीये, मॅडम. आजारी माणसाने घरी बसावं. बरं वाटलं आणि वागणं सुधारलं की या."

त्यांना वाटलं ही सॉरी म्हणेल. ती "बरं" म्हणाली. आपल्या कोरण्या पुसल्या, फडक्यात गुंडाळल्या, पिशवीत टाकल्या. शेजारी दाढीवाले एक गृहस्थ बसतात, दातांना रंग चढवणारे. ही पिशवी भरत होती तेवढ्यात त्यांनी हिचा आरसा उचलला, तोंड दुसरीकडे वळवलं आणि हळूच स्वतःचा ओठ वर केला. ते बराच वेळ बघत होते. तिने आरसा परत मागितला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. ती तिथे परत गेली नाही. लगेच सगळं छान झालं असं समजू नका, तसं होत नसतं. काही महिने घरीच होती. कधी दुपारी नुसती भिंतीकडे बघत बसायची. समुपदेशकांकडे दर आठवड्याला जायची, मी बाहेर बाकावर बसायचे. आत काय बोलतात ते मी कधी विचारलं नाही, आणि हे मला किती जड गेलं ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. आता एका छोट्या लॅबमध्ये आहे. तिथला मालक तिरसट आहे, ओरडतो आणि विसरतो, आमच्यातलाच म्हणा ना. पहिल्याच दिवशी तिने त्याला आपल्या अटी सांगितल्या आणि तो म्हणाला, बरं बाई, काम कर. अजूनही कोणी मागे येऊन उभं राहिलं की तिचे खांदे वर जातात. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमच्या सुळ्यांना टोकं लावून देते. ती म्हणाली, एवढ्यात नको. त्या साहेबांचं काय झालं मला ठाऊक नाही. मुलगा म्हणतो, आई, त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं असेल, दया करावी. करते मी कधीकधी, जेवण झाल्यावर.

पण मला सांगायची आहे ती तिने कोरण्या पिशवीत टाकल्या त्याच दिवसाची दुपार. ती घरी आली, ओट्यापाशी उभी राहून तिने मला हे सगळं साहेबांच्या आवाजासकट करून दाखवलं, आणि मी इतकी हसले की मला बसावं लागलं. मग म्हणाली, "जरा टेकते हं, आई," आणि बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर आडवी झाली. पाय जमिनीवरच राहिले होते. ते मी उचलून वर ठेवले तरी तिला कळलं नाही.

थोड्या वेळाने तिच्या पिशवीत फोन वाजायला लागला. ती जागी होऊ नये म्हणून मी घाईघाईने काढला. साहेबांचा होता. आता मला सांगा, त्या माणसाला काय काय बोलायचं हे मी कधीपासून घोकून ठेवलं होतं. भांडी घासताना घोकलं होतं, अंघोळ करताना घोकलं होतं. तिकीट खिडकीत मी भल्याभल्यांना पाणी पाजलंय. फोन कानाला लावला. पलीकडून तोच खालचा आवाज. "मॅडम, सकाळी तुम्ही जरा भावनेच्या भरात बोललात. मी मनावर घेतलेलं नाही. लगेच या, एक घाईचं काम आलंय."

मी श्वास भरून घेतला. आणि माझं तिच्याकडे लक्ष गेलं. ती कुशीवर वळली होती. तोंड उघडं, जबडा सैल सुटलेला, उशीवर थोडी लाळ आलेली. मी जवळ जाऊन कान दिला. नुसता श्वास येत होता, दुसरा कसलाही आवाज नाही.

"हॅलो," साहेब म्हणाले. "मॅडम? ऐकताय ना?"

"हळू बोला," मी कुजबुजले. "ती झोपली आहे."

फोन बंद केला आणि कपाटातल्या चादरींच्या खाली खोल सारून टाकला. मग दाराशी खुर्ची ओढून बसले. नात शाळेतून आली तेव्हा तिला हातानेच खूण केली, तीही चपला हातात घेऊन आत गेली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती जराशी हलली. डोळे न उघडताच तिने विचारलं, "उशीर झाला का, आई?"

"नाही गं," मी म्हटलं. "झोप तू."

आणि ती पुन्हा झोपली.